धागा: गच्चीवरच्या कुंड्यांतला रात्रीचा चहा, उकळायचा की मुरवायचा?

गच्चीवाली
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा लिहिते. आई दिवाळीनंतर माझ्याकडे राहायला आली, नागपूरला, मानेवाड्याला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळा एकदम छान आहे पण झोप नाही, रात्री दोनला उठून बसते आणि मग पाचपर्यंत हॉलमध्ये माळ ओढत बसलेली असते, मला पाण्याला उठले की दिसते. चहा दिवसाला पाच ते सहा कप, शेवटचा साडेसातला, जेवणाच्या आधी. डॉक्टर म्हणाले, दुपारी चारनंतर चहा बंद करा, बाकी गोळी वगैरे नंतर पाहू. आई म्हणते, संध्याकाळी हातात गरम कप नसला की दिवस मावळल्यासारखाच वाटत नाही, आणि मला तिचं पटते, साठ वर्षांची सवय आहे ती.

म्हणून ठरवले की चहापत्ती न घालता गच्चीवरच्या झाडांचा चहा करून द्यायचा. माझ्याकडे गवती चहाचं एक मोठं ठोंब आहे, दोन तुळशी, पुदिना, पानओवा, गोकर्णाचा वेल (निळा) आणि गावठी गुलाब. काल सगळ्यातलं थोडं थोडं गंजात टाकले आणि चांगले दहा-बारा मिनिटं खळखळ उकळले. कडूजहर झाले. रंग डबक्यातल्या पाण्यासारखा. आईने एक घोट घेतला, कप हळूच खाली ठेवला आणि विचारले, "औषध आहे का गं हे? कशासाठी?" मला फार वाईट वाटले. तर नीट कसा करायचा, कोणी करत असेल तर सविस्तर सांगा प्लीज, प्रमाणासकट.

मोगरा_धंतोली
ताई, सगळ्यात आधी तो गंज गॅसवरून उतरवा :) म्हणजे खरंच, पानं घालायच्या आधी उतरवायचा. पुदिना, तुळस, गवती चहा यांचा जो वास आहे तो उडणाऱ्या तेलाचा आहे, तुम्ही उकळत बसलात की तो वाफेसोबत स्वयंपाकघरात जातो, घरभर घमघमाट आणि कपात मात्र नुसता कडवटपणा उरतो.

मी असे करते. दोन कपांना सव्वादोन कप पाणी, एक उकळी आली की गॅस बंद. गवती चहाची दोन लांब पानं धुऊन, त्यांची गाठ मारून गाठीवर वरवंट्याचा एक ठोका द्यायचा, तुळशीची सात-आठ पानं आणि पुदिन्याची चार-पाच हाताने चुरगाळून. हे सगळं त्या पाण्यात टाकून वर घट्ट झाकण, आणि सात मिनिटं तिकडे पाहायचंसुद्धा नाही. आणि आता महत्त्वाचं, झाकण काढताना ते तिरपे करून आतल्या बाजूला जमलेले थेंब परत गंजातच पडू द्यायचे. ते थेंब एकदा बोटाला लावून वास घ्या, सगळा चहा त्या थेंबांत असतो. मी आधी झाकण सिंकमध्ये झटकत होते, किती वर्षं ते आठवले तरी जीव हळहळतो.

वऱ्हाडी_पाहुणा
मले नाही पटलं ताई. आमच्या घरी माय चुलीवर गंज ठेवे न अद्रक, मिरे, तुळस, गवती चहा समदं घालून अर्ध पाणी राहीपर्यंत उकळे. सर्दी-पडसं एका रात्रीत गायब. अद्रक न उकळता कसं काय उतरन? झाकण ठेवून अद्रकाचा चहा कोणी करते का सांगा बरं.

मोगरा_धंतोली
दादा, अद्रक उकळाच, मी पानांबद्दल सांगितले.

दत्तक_तुळस
दोघांचंही बरोबर आहे आणि यात भांडण्यासारखं काही नाही. मी निवृत्त शिक्षिका, पण वडील वैद्यकी करायचे त्यामुळे हे लहानपणापासून कानावर आहे. आयुर्वेदात वनस्पतीतून औषध उतरवायच्या पाच तऱ्हा आहेत, स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. स्वरस म्हणजे पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटलेली चटणी. क्वाथ म्हणजे आपला काढा, जो उकळून आटवायचा, तो कठीण गोष्टींचा, मूळ, साल, खोड, सुंठ, ज्येष्ठमध. फांट म्हणजे उकळलेलं पाणी ओतून झाकून ठेवायचं आणि मग गाळायचं, तो कोवळ्या, सुगंधी गोष्टींचा, फुलं आणि पानं. हिम म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजत घालून सकाळी गाळून घेतलेलं.

तुमच्या आईसाठी जो हवा तो फांट आहे, काढा नव्हे. अद्रक किंवा सोप (बडीशेप) घालायची असेल तर ती आधी पाण्यात पाच मिनिटं उकळून घ्या, मग गॅस बंद करून पानं टाका. म्हणजे वऱ्हाडी दादांची मायही बरोबर आणि मोगराताईही. मात्र झोपेसाठीच्या चहात मिरे आणि जास्त अद्रक नको, ते जागं करणारं, तिखट काम आहे, सर्दीला ठीक.

वऱ्हाडी_पाहुणा
हे समजलं. मूळ उकळायचं, पान झाकायचं. आजपासून असंच करतो.

गच्चीवाली
केला! मोगराताईंच्या प्रमाणाने, त्यात अर्धा चमचा सोप कुटून आधी उकळली. रंग फिकट पोपटी आला. झाकणाचे थेंब आईलाच दाखवले, तिने बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाली, अगं हा तर आपल्या जुन्या घरच्या परसातला वास आहे. पूर्ण कप प्याली. झोपेचं विचाराल तर दोनऐवजी साडेतीनला उठली, पण एका दिवसावर मी काही म्हणणार नाही. साखरेऐवजी काय घालावे? मध चालते का?

औषधवाली
मी फार्मसिस्ट आहे म्हणून काही गोष्टी लिहूनच टाकते, कारण अशा धाग्यांवर लोक वाचतात आणि सरळ करायला घेतात.

चहापत्ती चिमूटभर जरी घातली तरी कॅफिन आलंच. एका मोठ्या कप काळ्या चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम असते आणि त्यातलं निम्मं शरीराबाहेर जायला मोठ्या माणसाला पाचेक तास लागतात. म्हणजे साडेसातच्या चहातलं अर्धं साडेबाराला अजून आतच फिरून राहिलं आहे. तुमच्या आईचं दोन वाजता उठणं याच्याशी जुळते का ते पाहा, आणि माझ्या मते तरी गवती चहाच्या गुणापेक्षा तो साडेसातचा कप बंद झाला याचाच फायदा जास्त दिसेल. पण तो कप बंद व्हायला हातात दुसरा कप लागतो, हेही तितकंच खरं.

मध कोमट झाल्यावर घाला, चालेल. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, चाटवायचासुद्धा नाही.

ज्येष्ठमध गोड लागते म्हणून लोक रोज घालतात. बीपी असणाऱ्यांनी ते रोज घेऊ नये, बीपी वाढवते आणि पोटॅशियम कमी करते. रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी चालू असेल किंवा पोटूशी बाई असेल तर रोजचा काढा-चहा चालू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा सांगा, तुळससुद्धा रोज भरपूर घ्यायची असेल तरी सांगा. अडुळसा गरोदरपणात नकोच. आणि जायफळ! झोपेसाठी म्हणून लोक अर्धं जायफळ किसून टाकतात, ते विषारी होते, उलट्या, धडधड, भास. सहाणेवर उगाळून दोन वेढे, बस्स.

गच्चीवाली
बापरे, जायफळाचं माहीत नव्हते. आईला बीपीची गोळी आहे, मी उद्याच विचारून घेते डॉक्टरांना. थँक यू ताई.

काळीमाती
महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकलो (कॉलेज १९०६ चं आहे, आतली झाडं पाहायलाच जा एकदा), आता घरच्या गच्चीवर नऊ-दहा वर्षांपासून चहाची झाडं लावून आहे, म्हणून झाडांचं सांगतो, कारण चहा चांगला व्हायला झाड आधी खूश पाहिजे.

आपली काळी माती कुंडीत एकटी घालू नका. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळं सडतात, आणि एप्रिलमध्ये भेगा पडून पाणी सरळ खालून निघून जाते, झाडाला काही मिळतच नाही. एक भाग काळी माती, एक भाग शेणखत, एक भाग रेती किंवा कोकोपीट. पानओव्याला तर रेती जास्तच, त्याला पाणी कमी लागते, भर पावसात त्याची कुंडी पत्र्याखाली सरकवा.

गवती चहा कापताना जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचा, उपटायचा नाही. वरच्या पानांइतकाच खालचा पांढरट बुडखा सुगंधी असतो, तो ठेचून घाला, पण झाड वाढवायचं असेल तर तो कमीच काढा. ठोंब दोन वर्षांत कुंडी भरून टाकते, मग मधून पिवळं पडायला लागते. मृग लागला, एक-दोन पाऊस झाले की बाहेर काढून, सुरीने चार-पाच भाग करून लावायचे. थंडीत त्याचे शेंडे तपकिरी होतात, घाबरू नका. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरला पारा ३.५ पर्यंत उतरला तेव्हा माझं अख्खं ठोंब वाळलेल्या गवतासारखं झालं होतं, फेब्रुवारीत बुडातून परत फुटलं.

तुळशीच्या मंजिऱ्या दिसल्या की खुडा, नाहीतर पानं बारीक आणि उग्र होतात. पुदिन्याला आपला मे महिना सोसत नाही, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी हिरव्या जाळीखाली किंवा पूर्वेच्या गॅलरीत.

संत्रानगरी
पुदिन्यासाठी माझा जुगाड सांगते, कूलरची जी खिडकी असते तिच्या खालीच कुंडी ठेवते, ओलसर गारवा मिळतो, मे महिनाभर हिरवागार राहते.

काळीमाती
जागा एकदम बरोबर. फक्त कूलरच्या टाकीतलं पाणी त्या कुंडीत घालू नका ताई. पाणी उडून उडून त्यात क्षार साठतात आणि ते साचलेलं असते, खायच्या झाडाला ते नको.

गोकुळपेठकर
नर्सरीतून झाडं आणणाऱ्यांसाठी माझा अनुभव. मागच्या वर्षी एका नर्सरीतून गवती चहा म्हणून कुंडी आणली, बुडाकडे छान लालसर झाक होती, मला वाटले वेगळी जात असेल. चहा केला तर तोंडात साबण घेतल्यासारखे झाले, बायको म्हणाली हे तर मच्छर अगरबत्तीच्या वासाचं आहे. तेच होते, सिट्रोनेला. दोन्ही एकाच कुळातली गवतं, दिसायला जुळी भावंडं, पण ते तेलाचं आहे, प्यायचं नाही. तेव्हापासून पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय मी घेत नाही, लिंबाचा स्वच्छ वास आला तरच गवती चहा, आणि बुडखा पांढरट-हिरवा पाहिजे.

अजून एक, नर्सरीत फवारणी केलेली असते. आणल्यावर महिनाभर त्याची पानं वापरू नका, एकदा कापून टाका, नवीन फुटवा येईल तो घ्या. देवाच्या हारातले, बाजारातले गुलाब तर अजिबात नको चहात.

सातारा_ते_टोरांटो
इथे थंडीत रात्री आम्ही कॅमोमाइल पितो, ते तुमच्याकडे कुणी लावलंय का? भारतात ते हिवाळी पीक म्हणून चांगलं येतं. बी अगदी धुळीसारखं बारीक असतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून माती टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. तुमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलं यायला हवीत. पांढऱ्या पाकळ्या खाली वळायला लागल्या की मधला पिवळा भाग फुगलेला दिसतो, तेव्हा फूल खुडायचं. वाळलेली फुलं एक मोठा चमचा, कपभर उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं. चव सफरचंदासारखी, थोडी गवतासारखी. मला फार आवडते.

औषधवाली
कॅमोमाइल छानच, पण आपल्या विदर्भातल्यांसाठी एक खास सूचना. ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे (आणि आपल्याकडे असे किती लोक आहेत, पावसाळा संपला की शिंका आणि अंगाला खाज सुरू) त्यांनी कॅमोमाइल जपून, दोन्ही झेंडूच्या, सूर्यफुलाच्या कुळातली आहेत. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याने त्रास होऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी असेल तरीही नको.

गच्चीवाली
अगदी बरं झाले सांगितले, माझ्या नवऱ्याला गाजरगवताचा भयंकर त्रास आहे, आम्ही दोघंही सोबत पिऊन राहिलो आहे हा चहा. कॅमोमाइल आमच्याकडे कॅन्सल.

वऱ्हाडी_पाहुणा
तुमी समदे फॉरेनचे फुलं शोधून राहिले न आपली अंबाडी विसरले. वावराच्या धुऱ्यावर अंबाडी रायते, तिची लाल बोंडं. पातळ भाजी, भाकरी तर हाय, पण तिची लाल पाकळी वाळवून ठेवा, बी काढून टाकायचं. एका कपाले चार-पाच पाकळ्या, गरम पाणी, पाच मिनिटं. असा लालभडक रंग येते का पाहत राहाल. गूळ घाला थोडा, आंबट-गोड. बाहेर लोक याले हिबिस्कस टी म्हणून महाग विकते म्हणे, आमच्या मायनं कधी एक रुपया नाही दिला. फक्त दूध नका टाकू, लगेच फाटते.

औषधवाली
अंबाडी बेस्ट! बीपीची गोळी घेणाऱ्यांनी मात्र रोज मोठा ग्लासभर नको, तीही बीपी थोडी उतरवते, गोळीसोबत जास्त खाली जाऊ शकते.

संत्रानगरी
आणि संत्र्याची साल? आंबिया बहाराची संत्री येऊन राहिली आहेत, २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली संत्री, सालं आपण कचऱ्यात टाकतो. माझ्या सासूबाईंच्या माहेरी काटोलकडे बाग आहे, तिथली आणते, बिनफवारणीची दोन झाडं घरच्यासाठी ठेवली आहेत त्यांनी. साल काढली की आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकायचा, कडूपणा त्यात असतो, मग बारीक पट्ट्या करून सुपात पसरवून सावलीत वाळवायच्या. गवती चहाच्या पानासोबत दोन-तीन पट्ट्या टाकल्या की असा वास येते, मला तर त्याशिवाय हिवाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही. बाजारातल्या संत्र्यांची साल मी वापरत नाही, त्यांच्यावर काय काय मारलं असते माहीत नाही.

मोगरा_धंतोली
संत्रानगरी, हे मी उद्याच करते. आणि वाळवायचं निघालंच आहे तर सांगते, नागपुरात वाळवायला हेच दिवस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन सौम्य. पुदिना, तुळस छोट्या जुड्या बांधून उलट्या टांगायच्या, सावलीत, वारा पाहिजे, चार-सहा दिवसांत कुरकुरीत. उन्हात ठेवल्या तर तपकिरी होतात आणि वास जाते. मे महिन्यात सावलीतही एका दिवसात वाळते पण पानं जळकी होतात. पावसाळ्यात वाळवू नका, हमखास बुरशी. गवती चहा आधी कात्रीने अर्धा इंच कापून मग वाळवा, वाळल्यावर तो कापताच येत नाही. चिमटीत चुरा झाला तर बरणीत भरा, वाकले तर अजून दोन दिवस. वाळलेलं घेताना ताज्याच्या तिसरा हिस्सा पुरते.

दत्तक_तुळस
एक गोष्ट राहिली. वृंदावनातली पूजेची तुळस आणि चहाची तुळस वेगळी ठेवा. आमच्याकडे रविवारी, एकादशी-द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर तुळस तोडत नाहीत, आणि तुमचा चहा तर बरोबर दिवेलागणीनंतरच होणार. तुमच्या आईला ते मनातून खटकत असेल तरी त्या बोलणार नाहीत. पानं दुपारीच खुडून ओल्या फडक्यात ठेवा.

गच्चीवाली
ताई, तुम्हाला कसे कळले! आई खरंच बोलली नव्हती. काल तुमचं वाचून विचारले तेव्हा म्हणाली, "हो गं, मला जरा वाटत होतं, पण तू इतक्या हौसेने करतेस." आता चहाची तुळस वेगळी, मागच्या भिंतीला, आणि पानं चार वाजता ती स्वतःच खुडते, दुधी फडक्यात गुंडाळून फ्रीजवर ठेवते.

गोकुळपेठकर
गोकर्णाचं कुणी बोललंच नाही. निळ्या फुलाला स्वतःची चव जवळपास नाही, पण रंग! पाच-सहा फुलं, मागचा हिरवा देठ काढून, गरम पाण्यात. गडद निळं होते आणि लिंबाचे चार थेंब टाकले की डोळ्यासमोर जांभळं. माझी नात रोज तेवढ्यासाठी येऊन उभी राहते.

काळीमाती
उन्हाळ्याचं आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर एप्रिलमध्ये धागा खाली गेला असेल. ४५ च्या वर पारा असताना कोणी गरम कप धरत नाही. तेव्हा दत्तक_तुळस ताईंनी सांगितलेला हिम. एक चमचा धने, अर्धा चमचा सोप, भरडून, माठातल्या दोन ग्लास पाण्यात रात्रभर, वर वाळ्याच्या दोन काड्या. सकाळी गाळून खडीसाखर. इतवारीत किराणा ओळीकडे वाळा सुटा मिळते, मात्र कूलरच्या ताट्यांचा वाळा नका घेऊ, तो प्यायचा नसते.

गच्चीवाली
तीन आठवडे झाले म्हणून सांगायला आले. डॉक्टरांनी चहा चालेल म्हटले, फक्त अंबाडी आठवड्यातून एकदोनदा. आमचं पक्कं झालेलं असे आहे, सोप आधी उकळायची, गवती चहाची दोन पानं, तुळशीची सहा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, पुदिना नाही (आईला रात्री नको वाटते). सात मिनिटं आईच मोजते, घड्याळाने नाही, रामरक्षेने, तिची एकदा म्हणून होते तेवढ्यात चहा होते. आता बहुतेक रात्री चार-साडेचारपर्यंत झोपते. परवा पावणेसहाला मीच घाबरून पाहायला गेले, तर छान घोरून राहिली होती.

ठोंब फारच मोठं झाले आहे, मृगापर्यंत थांबायचं म्हणता, पण कोणाला आत्ता एखादा फुटवा हवा असेल तर आई द्यायला तयार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना जाड पिशवी आणा, पानांच्या धारेने हात कापतात.